तीस तासांत लेखन कुठंय?

पेटची तयारी करणाऱ्यांचा हमखास येणारा प्रश्न : "ताई, आमची एमएस्सी झालीये, लिहायची सवयच नाही. पीएचडीत शिकवतात ना?"

खरं सांगू? कोर्सवर्कचा अभ्यासक्रमच उघडून बघा. यूजीसीनं डिसेंबर २०१९ मध्ये 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन क्रेडिटचा पेपर सगळ्यांना सक्तीचा केला. सहा घटक, एकूण ३० तास. त्यातले प्रकाशनाच्या नीतिमत्तेला ७. डेटाबेस आणि इम्पॅक्ट फॅक्टरसारख्या मोजमापांना आणखी ७. वाङ्मयचौर्य पकडणारी सॉफ्टवेअरही आहेत. पण एकाही घटकाचं नाव 'लेखन' नाही. २०२२ च्या नियमावलीत विषयाशी संबंधित लेखनाच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आला, तोही अध्यापनाला जोडून, ओझरता.

माझा आक्षेप इथंच आहे. चोरी करू नका हे आपण शिकवतो. स्वतःचं वाक्य कसं उभं करायचं, हे नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात इतरांची वाक्यं मी शब्द फिरवून घातली होती. त्यात लबाडी नव्हती, असंच लिहितात असं वाटायचं.

मग बीएला मराठी स्पेशल घेतलं असतं तर? तिथंही भर साहित्यावर; उपयोजित लेखन एखाद्या पेपरपुरतं. लेखन हाच मुख्य विषय असलेली पदवी अमेरिकेत मिळते, आपल्याकडे विरळाच.

मला लेखनाचा वर्ग दिसला तो चाकणला. भाऊ तिथं सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. ग्राहकानं माल परत पाठवला की एट-डी रिपोर्ट लिहायचा. त्यानं मूळ कारण लिहिलं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. साहेबांनी रिपोर्ट परत केला. पाच वेळा 'का?' विचारल्यावर कळलं, फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजली होती, म्हणून भोक सरकत होतं. रिपोर्ट पुन्हा लिहावा लागला नसता, तर पिन तशीच राहिली असती. आपल्या थिसिसमधलं 'मानवी चुकीमुळे फरक आला असावा' हे वाक्य त्या पहिल्या कारणाच्याच जातीचं. फक्त ते कुणी परत पाठवत नाही.

म्हणून ३० पैकी निदान १० तास असे हवेत : प्रत्येकानं स्वतःचं एक पान लिहायचं, वर्गात वाचायचं, पुन्हा लिहायचं.

तोवर घरी एवढं करा. एक पेपर वाचा, मिटवा, त्याचा दावा आणि पुरावा पाच ओळींत लिहा. मग मूळ उघडून ताडून बघा. जिथं पेन अडलं, तो भाग परत वाचा.