इंजिन तेच, पण काम वेगळं

एटापल्लीत विमानाच्या इंजिनावर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कशाला, असं तुम्हाला वाटत असेल. पण माझी तक्रार ‘जुगाड’ या शब्दाबद्दल आहे, आणि शब्द तपासणं हे आमचं कामच.

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपला, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ला ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ला झाली, उड्डाणाचा परवाना २०१९ला मिळाला. आपण गच्चीचं कौतुक केलं आणि मधल्या वर्षांना ‘लालफीत’ म्हणून मोकळे झालो. लालफीत असेलही. पण विमान तपासायलाही वेळ लागतो, हे कौतुकाच्या भरात मागे पडलं.

आता हौशी मुलं विचारतात, ‘सर, मोटारीचं डिझेल इंजिन विमानाला बसवलं तर?’ बसतं की! फ्रान्समध्ये पॉल लुकास आणि सर्ज पेनेक यांचं ‘डिझेलिस’ हे छोटं घरगुती विमान मोटारीच्या डिझेल इंजिनावरच उडालं. डिझेल इंजिन इंधन कमी खातं, त्याला स्पार्क प्लग लागत नाही.

पण बघा, रस्त्यावर मोटारीचं इंजिन पूर्ण ताकदीनं क्वचितच चालतं. विमानाचं मात्र तासन्‌तास मोठ्या भारावर चालतं, मळणीयंत्राला जोडलेल्या ट्रॅक्टरसारखं. इंजिनाचे फेरे पंख्याला जास्त होतात, म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालावा लागतो. डिझेलचे जोरदार धक्के त्या गिअरबॉक्सवर आणि पंख्यावर बसतात.

एवढं सांभाळलं तरी संपत नाही. मर्सिडीज मोटारीच्या इंजिनावरून थीलर्ट कंपनीनं विमानाचं डिझेल इंजिन केलं, त्याला रीतसर प्रमाणपत्रही मिळालं. २००७ साली जर्मनीत श्पायर इथे अशी दोन इंजिनं असलेलं डायमंड विमान उडालं. त्याची बॅटरी उतरलेली होती, म्हणून इंजिनं बाहेरून वीज देऊन सुरू केली होती. चाकं आत घेताना विजेचा दाब घसरला, इंजिनांचे संगणक क्षणभर बंद पडले आणि दोन्ही इंजिनं थांबली. इंजिनात काहीच मोडलं नव्हतं!

आपले नैयायिक म्हणतात, अवयवी हा अवयवांची नुसती बेरीज नाही, तो वेगळाच पदार्थ आहे. घडा म्हणजे दोन कपालं नव्हेत. तसंच, मोटारीतलं नावाजलेलं इंजिन विमानात गेलं की ते नवं इंजिन होतं. जुनी कीर्ती त्याला लागू पडत नाही. ‘जुगाड’ हा शब्द नेमकं हेच झाकतो.

म्हणून मुलांनो, करा जरूर. पण कुणी असं विमान दाखवलं तर टाळी वाजवण्याआधी विचारा : जमिनीवर पूर्ण भारानं किती तास चालवलं? गिअरबॉक्स किती तासांनी उघडून पाहिला? वीज गेली तर दुसरी सोय काय? मळणी करताना इंजिन बंद पडलं तर दिवस बुडतो. वर आकाशात माणूस बसलेला असतो.