दे सीका आणि गरिबाची अब्रू

गरिबीचें चित्र काढणें वाटतें तितकें अवघड नाहीं. फाटके कपडे, रिकामा डबा आणि रडतें मूल एवढें साहित्य जमविलें कीं प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणतां येतें. आणि तें पाणी चित्रपटगृहाच्या दारापर्यंत येतां येतां सुकूनही जातें. अवघड आहे तें गरिबाची अब्रू दाखविणें. भूक पडद्यावर दाखवितां येते. पण भूक लागली आहे हें चारचौघांपासून लपवितांना जिवाची जी ओढाताण होते ती दाखविणें फार थोड्यांना साधतें. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सीका (१९०१-१९७४) याला ती साधली. त्याचें खरें मोठेपण यांतच आहे, आणि त्याच्या कारकीर्दीतील चढउतारांचा उलगडाही याच एका गोष्टीनें होतो, असें आम्हांस वाटतें.

दे सीका हा मूळचा नट. सोरा या गांवीं जन्मलेला आणि नेपल्समध्यें वाढलेला हा देखणा तरुण १९३२ सालीं मारिओ कामेरीनी याच्या एका विनोदी बोलपटामुळें लोकप्रिय झाला. हंसरा चेहरा, नीटनेटका पोशाख आणि ओठांवर गाणें, असें त्याचें त्या काळचें रूप होतें. १९४० पासून तो दिग्दर्शन करूं लागला, तेव्हां त्याचे पहिले चित्रपटही हलकेफुलकेच होते. परंतु नटाचा सारा जन्म लोकांच्या नजरेखालीं जातो. नजरेनें माणूस फुलतो कसा आणि करपतो कसा हें त्याच्याइतकें कोणास कळणार? १९४३ मधील 'मुलें आपल्याकडे पाहत आहेत' या चित्रपटांत हें ज्ञान प्रथम कामीं आलें. आई परपुरुषाच्या नादीं लागून घर सोडते, बाप आत्महत्या करतो, आणि हें सारें एक लहान मुलगा पाहत असतो. शेवटीं आई भेटावयास येते तेव्हां तो तिच्याकडे पाठ फिरवून चालूं लागतो. वडील माणसांची अब्रू मुलाच्या डोळ्यांत असते, ही दे सीकाची दृष्टि येथें प्रथम प्रकट झाली. चेसारे झावात्तिनी या लेखकाशीं त्याची जोडी जमली तीही याच सुमारास.

युद्धानंतर या जोडीनें जें काम केलें त्यावर तिची कीर्ति उभी आहे. 'शुशा' (१९४६) ही रोमच्या रस्त्यांवर अमेरिकन सैनिकांचे बूट पुसणाऱ्या दोन पोरांची कथा. तुरुंगांत मित्राला मार पडत आहे अशी एकाची समजूत करून दिली जाते; त्याला वांचविण्यासाठीं तो गुपित फोडतो, आणि मित्राच्या लेखीं विश्वासघातकी ठरतो. 'सायकलचोर' (१९४८) याहूनही साधा. बेकार आंतोनिओला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळते, पण तिला सायकल हवी. बायको घरांतील चादरी गहाण टाकून ती सोडवून आणते, आणि पहिल्याच दिवशीं ती चोरीस जाते. मग बाप आणि त्याचा लहानगा ब्रूनो सारें रोम पालथें घालतात. एक अमेरिकन निर्माता भांडवल देण्यास तयार होता. पण नायक म्हणून त्याला प्रसिद्ध नट कॅरी ग्रँट हवा होता. दे सीकानें तें नाकारलें आणि लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यांतील कामगाराला उभें केलें.

अखेरीस हताश झालेला आंतोनिओ मुलाला पुढें धाडूं पाहतो आणि एका दारापाशीं ठेवलेली सायकल पळवितो. लगेच पकडला जातो. जमाव त्याला मारतो, त्याची टोपी खालीं पडते. ब्रूनो गेलेला नसतो. त्यानें सारें पाहिलेलें असतें. मालकाचें लक्ष त्या पोराकडे जातें आणि तो चोराला सोडून देतो. सायकल गेली तेव्हां आंतोनिओची नोकरी गेली होती. मुलानें पाहिलें तेव्हां त्याच्याजवळचें उरलेंसुरलें सर्व गेलें. मग तो चिमुकला हात बापाच्या हातांत येतो. ही क्षमा आहे कीं दया, हें दे सीका सांगत नाहीं, आणि न सांगण्यांतच त्याची कला आहे.

दे सीका भावविवश आहे, हा आक्षेप जुना आहे. आलेस्सांद्रो चिकोन्यीनी याचें संगीत कांहीं ठिकाणीं प्रेक्षकांच्या आधींच रडूं लागतें, हें आम्ही मान्य करतों. परंतु भावविवश लेखक आपल्या दुःखी पात्राला दोष चिकटूं देत नाहीं. आंतोनिओ रागाच्या भरांत ब्रूनोच्या थोबाडींत मारतो, प्रार्थनेस आलेल्या एका दुबळ्या म्हाताऱ्याला धमकावतो. येथील गरीब साधुपुरुष नाहींत, म्हणूनच त्यांचें दुःख खरें वाटतें.

'उम्बेर्तो डी.' (१९५२) हा आमच्या मतें त्याचा सर्वश्रेष्ठ चित्रपट. निवृत्तिवेतनावर भागत नाहीं असा एक म्हातारा सरकारी नोकर, त्याचा कुत्रा, आणि घराबाहेर काढूं पाहणारी घरमालकीण, एवढेंच कथानक. ही भूमिका कार्लो बात्तिस्ती या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकानें केली. भीक मागावी म्हणून म्हातारा हात पुढें करतो. कोणी द्यावयास थांबतांच तो हात उलटा करतो, जणूं पाऊस पडतो कीं काय तें पाहत आहे! नंतर तो कुत्र्याच्या तोंडांत टोपी देऊन स्वतः आडोशाला उभा राहतो. पेन्शनीवर दिवस काढणारीं घरें आपणांसही परकीं नाहींत. त्या उलट्या हाताचा अर्थ आपल्या वाचकांस समजावून सांगावा लागणार नाहीं. पण हा चित्रपट लोकांनीं पाहिला नाहीं, आणि अशा चित्रांनीं देशाची परदेशांत नाचक्की होते अशी टीका सरकारांतील जूलिओ आन्द्रेओत्ती यानें केली. एका म्हाताऱ्याची अब्रू दाखविली म्हणून राष्ट्राची अब्रू धोक्यांत आली!

मुंबईकरांनीं मात्र त्याच वर्षीं दे सीकाचें स्वागत केलें. जानेवारी १९५२ मध्यें भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईस भरला, त्यांत 'सायकलचोर' दाखविला गेला. आणि बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' (१९५३) मधील बापलेकांवर त्या दर्शनाचा ठसा स्पष्ट आहे.

यापुढें दे सीकाचा उतार सुरू झाला असें म्हणण्याचा प्रघात आहे. जुगाराचें व्यसन असलेल्या या माणसानें पैशासाठीं पुष्कळ क्षुल्लक भूमिका केल्या हें खरें. 'काल, आज आणि उद्यां' (१९६३) व 'इटालियन पद्धतीचें लग्न' (१९६४) हे चित्रपट चतुर आहेत, पहिल्याला ऑस्करही मिळालें. पण त्यांतील पात्रांना कोणाच्या नजरेची भीति उरलेली नाहीं. सोफिया लॉरेन तेथें मिरवते, आणि मिरविणें हें लाजण्याच्या नेमकें उलट आहे. कौशल्य गेलें नव्हतें. गेली होती ती चोरटी, घाबरी नजर. जेथें ती परत येते तेथें दे सीका पुन्हा मोठा होतो. 'दोन स्त्रिया' (१९६०) मध्यें सैनिकांनीं विटंबिलेल्या मायलेकी एकमेकींच्या डोळ्यांस डोळा देऊं शकत नाहींत. 'फिन्झी-कोन्तिनींची बाग' (१९७०) मध्यें टेनिसच्या क्लबांतून काढलेलीं ज्यू मुलें एका श्रीमंत घराच्या भिंतीआड खेळत राहतात, जणूं बाहेर कांहीं घडलेंच नाहीं. त्यांचा शुभ्र पोशाख म्हणजे उम्बेर्तोचा उलटा हातच होय.

नट म्हणूनही त्यानें एकदां हेंच सांगितलें. रोस्सेल्लीनीच्या 'जनरल देल्ला रोव्हेरे' (१९५९) मध्यें तो एक लफंगा झाला आहे. जर्मन त्याला सेनापतीचें सोंग घ्यावयास लावतात. आणि उसनी घेतलेली ती अब्रू त्याच्या अंगीं इतकी मुरते कीं तिच्यासाठीं तो मरण पत्करतो.

दे सीकाच्या सर्व चित्रपटांना एकाच मापानें मोजणें न्यायाचें नाहीं. परंतु ज्या कलावंतानें पांच-सहा वेळां माणसाची झांकली मूठ उघडून पाहिली आणि तींत काय आहे हें हंसें न करतां आपणांस दाखविलें, त्याच्या उरलेल्या चुका आपण ब्रूनोप्रमाणें पाहाव्या, आणि त्याचा हात धरून पुढें चालावें, हेंच उचित होय.