कोल्हटकर : टीकाकार व नाटककार

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांच्याविषयीं लिहितांना आम्हांस नेहमींच पेंच पडतो. केळकरांच्या ‘तोतयाचें बंड’ या नाटकाच्या अंगोपांगांची कसोशीनें चिकित्सा करणारा हा टीकाकार स्वतःच्या नाटकांच्या वेळीं कोठें जातो?

‘वीरतनय’ (१८९६) रंगभूमीवर आलें तेव्हां त्याच्या नव्या धर्तीच्या चालींनीं प्रेक्षक मोहून गेले, हें खरें. पण पात्रें? राजपुत्रापासून दासीपर्यंत सारीं एकाच हजरजबाबीपणानें कोट्या करतात. (कोल्हटकर वऱ्हाडांत वकिली करीत, तिचा तर हा परिणाम नसेल?) ‘मूकनायक’ (१९०१) मध्यें नायक मुक्याचें सोंग घेतो, त्याची भरपाई इतर मंडळी व्याजासकट करतात! ‘सुदाम्याच्या पोह्यां’त हीच कोटिबाजी शोभते, कारण तेथें विनोदाखेरीज पात्रांकडून आपली दुसरी अपेक्षाच नसते.

‘मूकनायका’चा रोख मद्यपानाविरुद्ध, तो बुद्धीस पटतो, काळजास भिडत नाहीं. पुढें त्याच विषयावर त्यांचे शिष्य गडकरी यांनीं ‘एकच प्याला’ लिहिलें, आणि दारूनें उध्वस्त होणारा संसार प्रेक्षकांस आपल्या शेजारचा वाटूं लागला. तळीरामाच्या कोट्यांत मात्र गुरूचा आवाज अजून ओळखूं येतो.