गेमची सीडी कुणासाठी?

लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव असलं, तरी गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांसाठी तो गेमचा रस्ता. नव्वदच्या दशकात ‘लिट्ल मास्टर’ हा कन्सोल घरोघरी गेला, त्याबरोबर ‘कॅसेट’ गेल्या. वेष्टनावर लाखो गेम छापलेले, आत मारिओ, काँट्रा आणि त्यांचीच कपडे बदललेली भावंडं. पुढे प्लेस्टेशन २ आला, तो कितीतरी घरांत चिप बसवूनच आला आणि नकली सीड्यांवर वाढला. अस्सल डिस्क हातात घेण्याची सवय लागली ती प्लेस्टेशन ३ आणि ४ च्या दिवसांत. आता ती सवयही सुटायला लागली आहे. डिस्कचा कप्पाच नसलेले कन्सोल आले, डाउनलोडपुरतेच निघणारे गेम आले आणि दुकानांतली मांडणी पातळ झाली.

डाउनलोडच्या गेमची डिस्कही निघावी का, हा वाद जगात बहुतेक संग्राहकांच्या तोंडी असतो. मुंबईत त्याचं मूळ पैशात आहे. प्लेस्टेशन ५ वर सोनीचा स्वतःचा नवा गेम ४,९९९ रुपयांना लागला, तेव्हा परळच्या एका मुलाला तो परवडणार नव्हता. चौघांना परवडतो. डिस्क एकाच्या घरी राहते, बाकीच्यांकडे फिरते, संपली की दुकानात जाते आणि वर काही रुपये टाकून दुसरी येते. दुकानदार याला ‘एक्स्चेंज’ म्हणतात. ज्याला वर्गणीचं वाचनालय ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. डाउनलोड केलेला गेम मात्र खात्याला चिकटलेला असतो. तो विकता येत नाही, दुकानात बदलून मिळत नाही, आणि मित्राला द्यायचा तर आपल्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. भारतात गेम महाग आहेत अशी तक्रार सगळेच करतात. पण गेमची किंमत वाढली त्यापेक्षा तो विकून परत मिळणारी किंमत शून्यावर आली, ही वाढ मोठी आहे. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’. कन्सोलवर आलेल्या भारतीय गेमांत नजर थांबावी असा. राजी ही कसरती करणारी मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू आपापसांत बोलत तिची गोष्ट सांगतात. भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं, मधल्या प्रसंगांत सावल्यांच्या बाहुल्या, वास्तूंवर राजस्थानची छाप. हे सगळं दागिन्यासारखं वरून घातलेलं नाही, चालण्या-चढण्याच्या वाटाच त्यातून काढल्या आहेत. लढाया मात्र लवकर एकसुरी होतात. दूरवर टांगलेला कॅमेरा ऐन उडीच्या वेळी अंतराचा अंदाज चुकवतो, आणि गोष्ट संपते तिथे खेळणाऱ्याला पुढचा अंक बाकी असल्यासारखं वाटतं. पहिला गेम म्हणून हे दोष माफ करता येतात, झाकू मात्र नयेत. २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं, ते उगाच नव्हतं.

हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला, तो डाउनलोडच्या रूपात. गंमत अशी की निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान तेव्हा भारतासाठी उघडलेलंच नव्हतं. स्विच इथे मिळत होता तो बाहेरून आणलेला. म्हणजे पुण्यात घडलेला गेम मुंबईत स्विचवर खेळायचा तर दुसऱ्या देशाच्या नावाने खातं काढा. कुणी त्याची साधी कार्ट्रिज काढून लॅमिंग्टन रोडवर ठेवली असती, तर ती परदेशी कार्ट्रिजच्या शेजारी गुपचूप विकली गेली असती.

पैसा आणि पोहोच यांपलीकडे एक तिसरं कारण आहे, आणि मला तेच सगळ्यांत वजनदार वाटतं. ते गिरगावाने एकदा पाहिलेलं आहे. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. हा पहिला भारतीय बोलपट आज कुठेही उपलब्ध नाही. छायाचित्रं आणि जाहिराती तेवढ्या आहेत. त्याच काळातली बालगंधर्वांची नाट्यपदं मात्र आजही ऐकता येतात. चित्रपट कमी लोकप्रिय होता म्हणून हरवला असं नाही. चित्रपटाच्या प्रती प्रेक्षकाला कधी विकल्याच जात नसत. त्या थिएटरात यायच्या, वितरकाकडे परत जायच्या आणि धंद्याच्या दृष्टीने निरुपयोगी झाल्या की चांदीसाठी वितळवल्याही जायच्या. ७८ आरपीएमच्या तबकड्या लोकांनी विकत घेतल्या, माळ्यावर टाकल्या, वारसांनी चोरबाजारात काढल्या. तिथून त्या संग्राहकांकडे पोचल्या. अशाच संग्राहकांनी १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन केली. या साखळीत एकाही टप्प्यावर कंपनीची परवानगी लागली नाही.

डाउनलोडचा गेम पुन्हा वितरकाच्या हातातल्या रिळासारखा झाला आहे. निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यूची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद केली. तिथे डाउनलोडपुरतेच निघालेले कितीतरी गेम त्या दिवशी विक्रीतून गेले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने दाखवून दिलं की तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात सरळ मिळत नाहीत. ‘स्कॉट पिलग्रिम’चा गेम २०१४ च्या अखेरीस दुकानातून काढला गेला, तो परतला २०२१ मध्ये. परतला तेव्हा त्याच्या डिस्क आणि कार्ट्रिजही निघाल्या. एकदा हात पोळल्यावरचं शहाणपण.

तरीही ‘डिस्क काढा’ एवढं म्हणून भागत नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ डिस्कवर विकला गेला होता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ती डिस्क चहाच्या कपाखाली ठेवण्याच्या लायकीची उरली. २०२५ च्या स्विच २ बरोबर ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकार आला. कार्ड आहे, डबी आहे, पण कार्डावर गेम नाही. तो डाउनलोडच करायचा, आणि खेळताना कार्ड यंत्रात हवंच. दोन्हीकडची गैरसोय एकाच डबीत. हे कार्ड निदान दुसऱ्याला विकता येतं, हा त्याचा एकमेव गुण. शिवाय अस्सल डिस्कवरही पुष्कळदा कच्चा गेम असतो. विक्रीच्या पहिल्या दिवशीच काही जीबींचा पॅच उतरवल्याशिवाय तो धड चालत नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. जो गेम एकट्याने, इंटरनेटशिवाय पूर्ण खेळता येतो, त्याची डिस्क निघावी. ती पहिल्या दिवशी नव्हे, दुरुस्त्या होऊन गेम स्थिरावल्यावर निघावी. आणि तिच्यावर अख्खा गेम असावा. मराठी वाचकाला हा क्रम परका नाही. कथा आधी दिवाळी अंकात येते, वर्ष-दोन वर्षांनी संग्रहात येते, आणि त्या मधल्या काळात लेखक चार वाक्यं नीट करतो. ‘राजी’चीही पुढे सुधारित आवृत्ती निघालीच, डिस्कला योग्य ती हीच. ‘अ‍ॅलन वेक २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये केवळ डाउनलोडसाठी आला, निर्मात्यांनी त्याचं समर्थनही केलं, आणि वर्षभराने त्याची डिस्क बाजारात आली. तेव्हा हे व्यवहारात बसत नाही असं म्हणायला जागा नाही.

छोट्या निर्मात्याला ते जड जातं, हे खरं. डिस्क छापायची तर कन्सोल कंपनीची मंजुरी, किमान प्रतींची मागणी, साठवण, वाहतूक. यात दहा-बारा माणसांच्या स्टुडिओचं कंबरडं मोडू शकतं. यावर अमेरिकेत लिमिटेड रन गेम्सने २०१५ पासून वाट काढली. आगाऊ मागणी घ्यायची, तेवढ्याच प्रती छापायच्या. निर्माता वाचतो, हे मान्य. पण त्यातून डिस्कचा दागिना झाला. क्रमांक घातलेली डबी, सोबत पोस्टर, नाणं, पितळी काहीतरी. घेणारा ती उघडतही नाही, दुप्पट भावाची वाट बघतो. न उघडलेली डबी कुणाच्या घरी फिरत नाही आणि एक्स्चेंजलाही येत नाही. मला ही चळवळ डिस्कच्या बाजूची वाटतच नाही. गरज आहे ती साध्या, ओरखडे पडलेल्या, कव्हर बदललेल्या डिस्कची.

सरकारी बाजू एका परिच्छेदात संपते. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत देशातल्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यांतलं एक मुंबईचं टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. पुढे वर्तमानपत्रं-नियतकालिकंही त्यात आली. गेम या यादीत नाहीत. पुण्यात कन्सोलसाठी गेम घडतो, तर त्याची एक प्रत टाउन हॉलमध्ये का नको, हा प्रश्न विधिमंडळात कुणी विचारला तर दोन दिवस हसू होईल. होऊ दे.

प्रत ठेवली की ती चालवणारं यंत्रही ठेवावं लागेल, आणि प्लेस्टेशन ५ प्रोसारखी यंत्रं आता ड्राइव्हशिवाय येतात. ड्राइव्ह वेगळा घ्यायचा. जुन्या प्लेस्टेशनची लेन्स धूळ आणि दमटपणाने आंधळी होते, मुंबईत तर हमखास. ती काढून दुसरी बसवणारे, मोटर बदलणारे, मेलेल्या पॉवर सप्लायवर सोल्डर मारणारे कारागीर लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यांत अजून काम करतात. आता मोबाइलच्या दुरुस्तीवर त्यांचं घर चालतं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेने दोन-चार कन्सोल, शंभरेक डिस्क आणि यांपैकी एखाद्याशी वर्षाचा देखभालीचा करार एवढ्यावर सुरुवात करायला हरकत नाही. अनामत रक्कम किती ठेवायची आणि ओरखडा पडला तर दंड किती, हे नियम तिथल्या पुस्तकांच्या विभागाकडून उसने घेता येतील.