नीतीची पुस्तकं आणि गेटवरचा कागद

मी सूतगिरणीतला बदली कामगार. शाळा दहावीत सुटली, पुढचं जे काय ते वाचनातून. तिसरी पाळी सुटली की धाराशिवात एका अभ्यासिकेत जाऊन बसतो. तिथं आपलीच पोरं एमपीएससीला बसलेली. यूपीएससीनं 2013 साली 250 मार्कांचा नीतिशास्त्राचा पेपर आणला, आता राज्यसेवेच्या वर्णनात्मक मुख्य परीक्षेतही तो आला, आणि बाजारात नीतीचं पीक आलं. त्यातली तीन पुस्तकं मी वाचली. रिंग फ्रेमचा आवाज कानात असताना वाचली.

भाषा गुळगुळीत आहे. सचोटी, करुणा, तटस्थता. कांट आहे, गांधी आहेत, बाबासाहेबही आहेत. पण दीड पानात, हार घालून बसवलेले. माझी खरी तक्रार उदाहरणांबद्दल आहे. "तुम्ही जिल्हाधिकारी आहात. गावात दलितांना पाणी भरू देत नाहीत. काय कराल?" उत्तर ठरलेलं: बैठक घ्या, समिती नेमा, प्रबोधन करा. 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा शेवटच्या ओळीत. आणि जिची घागर रिकामी आहे ती बाई? तिला नाव नाही, तोंडही नाही. तिनं काय करावं हा प्रश्न नीतीचा नाहीच जणू!

दोस्तांनो, बाबासाहेबांनी 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नियम आणि तत्त्व वेगळं करून दाखवलंय. नियम सांगतो अमुक कर. तत्त्व तुला माप देतं, मोजायचं तुझं तूच. नियम पाळणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, तत्त्वानं चालणाऱ्यावर येते. ही पुस्तकं तत्त्वाचं नाव घेतात आणि नियम विकतात.

नियम न लिहिताही पाळला जातो, हे गिरणीवाल्याला कोण सांगणार? मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नव्हते. कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागायचं, म्हणून विटाळ! हा नियम कुठल्या फळ्यावर नव्हता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्यांपुढं ठेवला, तेव्हा लाल बावट्याची नीतीही तपासून निघाली.

आता आमच्या गेटवरचा कागद. बाबासाहेब 1942 ते 46 मजूरमंत्री होते, त्याच काळात, 1946 साली, स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्याआधी मुकादम बोलेल तो कायदा. कागदानं निदान आरोप लेखी झाला, कामगाराला म्हणणं मांडता आलं. हे मी विसरत नाही. पण नमुना स्थायी आदेश वाचा: आज्ञाभंग, चोरी, दहा दिवसांवर गैरहजेरी, सारखं उशिरा येणं. सगळी गैरवर्तणूक कामगाराची. मालकाच्या गैरवर्तणुकीची यादी नाही. ती यायला 1971 चा महाराष्ट्राचा कायदा यावा लागला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथा आहेत, आणि सहावी बाब वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो: कायम होऊ नये म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली ठेवणं. मी चार वर्षं बदली आहे. ते माझंच चरित्र होतं, सरकारी भाषेत.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनं स्थायी आदेशांचा आकडा 100 वरून 300 कामगारांवर नेला. आमच्यात तेवढी हजेरी नाही. म्हणजे तो कागदही जाणार.

अभ्यासिकेतल्या पोरानं विचारलं, "दादा, मग हे वाचू नको का?" म्हणलं, वाच की बाबा, 250 मार्क आहेत. पण पाणवठ्याचं उदाहरण आलं की एकदा त्या बाईच्या बाजूनं उत्तर लिहून बघ. त्यानं लिहिलं. दीड पान झालं. मार्क किती पडतील म्हणून विचारतोय.

चौथी अनुसूची मी मराठीत उतरवून घेतलीय. प्रत पाहिजे त्यानं अंकाच्या पत्त्यावर लिहावं.