बोलपेटी आणि बालसखी: दोन अभ्यास, एकच मूल

अकोल्यातली माझी एक मैत्रीण तालुक्याबाहेरच्या एका कॅथलिक मिशनच्या विनाअनुदानित शाळेत शिकवते. पेट पास झाली आणि परवा तिने पीएचडीचा आराखडा वाचायला पाठवला: ‘विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य आणि अध्ययन-साहाय्य’. सोबत एक खबरही होती. शाळेकडे एकाच जादा पगाराची सोय आहे. सध्या त्या पैशांत एक ताई मागे पडलेल्या मुलांचे वाचनाचे जादा तास घेतात. जूनपासून त्यांच्याऐवजी समुपदेशक नेमावा, असं घाटतंय. आधार काय, तर ‘लॅन्सेट’मधला एक पेपर. तिच्या आराखड्याचा पायाही तोच. म्हणून आज तो नीट वाचूया.

पेपर २०१८ चा आहे, अभ्यासाचं नाव ‘सेहेर’. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या लोकांनी तो बिहारच्या नालंदा जिल्ह्यात केला. ७४ सरकारी माध्यमिक शाळा, नववीची मुलं, चिठ्ठ्या टाकून केलेले तीन गट. एका गटात प्रत्येक शाळेला बाहेरून एक ‘सेहेर मित्र’ मिळाला. हा मानसशास्त्रातला तज्ज्ञ नव्हता, प्रशिक्षण दिलेला साधा माणूस होता. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिलं. तिसऱ्यात यातलं काही नाही. काम म्हणजे परिपाठाच्या वेळी बोलणं, भित्तिपत्रक, मुलांनी मनातलं लिहून टाकायची पेटी, स्पर्धा, गटचर्चा आणि गरज पडली तर एकट्याशी बोलणं.

आठ महिन्यांनी मित्र असलेल्या शाळांचं ‘शालेय वातावरण’ २८ पैकी साधारण साडेसात गुणांनी वर गेलेलं दिसलं. शिक्षकांच्या गटात काहीच फरक नाही. बातम्यांत गेलं ते एवढंच, आणि शाळेच्या बैठकीतही एवढंच पोचलं.

आता तक्ता उघडा. परिणामाचा आकार वातावरणासाठी १.८८ आहे. आपल्याकडे ०.८ ला ‘मोठा’ म्हणतात, त्यामुळे हा आकडा बघून मी खुर्चीत सरळ बसलो. पण नैराश्याच्या लक्षणांसाठी तोच आकार ०.२७ आहे. फायदा खराच, पण माफक. मग एवढी तफावत का? वातावरणाची प्रश्नावली मुलांनाच विचारते: शाळा आपली वाटते का, सहभागाची संधी मिळते का. ज्या शाळेत वर्षभर स्पर्धा आणि चर्चा घडवल्या, तिथलं मूल सहभागाला ‘हो’च म्हणणार. म्हणजे त्या १.८८ मधला काही भाग कार्यक्रम पार पडल्याची पावती आहे, असं माझं वाचन. तुम्ही कुठलाही पेपर घेतलात तरी हस्तक्षेप आणि मोजपट्टी एकाच कापडातून बेतलीय का, हे आधी बघा.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या गटाची. ‘शिक्षकांना हे जमत नाही’ हा निष्कर्ष फार पटकन काढला जातो. मी वनस्पतीशास्त्राचा माणूस, मला आपल्या पश्चिम पट्ट्यातली भातखाचरं आठवतात. एका खाचरात नवं बियाणं टाकलं आणि राखायला पूर्णवेळ गडी ठेवला, दुसऱ्यात जुनं बियाणं आणि गडी अर्धवेळ. पीक वेगळं आलं तर श्रेय कोणाला द्याल? सेहेर मित्राला एवढं एकच काम होतं. शिक्षकाला ते आपले तास सांभाळून करायचं होतं. माणूस बदलला तसा वेळही बदलला, आणि या मांडणीत दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. (यात लेखकांची लबाडी नाही. त्यांना धोरणाचा प्रश्न विचारायचा होता, तो त्यांनी चोख विचारला.)

माझी खरी तक्रार तिसरी आहे. मोजलेल्या गोष्टींच्या यादीत नैराश्य आहे, दादागिरी आहे, हिंसा आहे. वाचन, गणित नाही. अभ्यासाची ओढ वातावरणाच्या प्रश्नावलीत येते, पण ओढ असणं आणि वाचता येणं एक नव्हे.

याच्या उलट टोकाला आपल्याच मुंबईतला अभ्यास आहे, ‘प्रथम’च्या बालसखीचा. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत वस्तीतलीच एक मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं बसवून शिकवायची. २००७ साली बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांनी तो छापला. दुसऱ्या वर्षी गुण ०.२८ प्रमाण विचलनांनी वाढले, आणि बहुतेक वाढ बालसखीकडे बसलेल्या मुलांचीच. वर्गात उरलेल्यांना वर्ग लहान होऊनही फारसा लाभ झाला नाही. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात फायदा ०.१ च्या आसपास उतरला, हेही त्यांनी लपवलं नाही. पण त्या मुलांना शाळेत यावंसं वाटू लागलं का, भीती कमी झाली का, हे त्यांनी मोजलं नाही.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवा. सेहेर मित्र आणि बालसखी, दोघंही वर्गशिक्षक नाहीत, दोघांकडे एकच काम आणि मुलासाठी वेळ. एका ठिकाणी मन मोजलं, दुसऱ्या ठिकाणी वाचन, आणि आपण त्यावरून ही दोन वेगळी पदं असल्याचं ठरवून मोकळे झालो. नववीत गेलं तरी अडखळत वाचणारं मूल मागच्या बाकावर गप्प का बसतं, हे अकोल्यात शिकलेल्या कुणालाही विचारा.

म्हणून मैत्रिणीला मी लिहिलं: जादा तासाच्या ताई आजच समुपदेशकाचं निम्मं काम करत असतील. किंवा नसतीलही. पण त्यांना काढल्यावर हे मोजता येणार नाही. जूनच्या आधी त्याच मुलांचं वाचन आणि मन, दोन्ही मोज. मुख्याध्यापिका सिस्टरना लॅन्सेटचा सारांश नको, तो तक्ता दाखव.

तिचा लगेच फोन आला. पटलं म्हणाली, प्रश्नावलीही तयार आहे, चार पानी, मुलांनी वर्गात स्वतः भरायची. मी विचारलं, “जादा तासाच्या मुलांना ती वाचता येईल का गं?”

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाली, “थांब, उद्या ताईंच्या वर्गात जाऊन बसते.”