रॅमच्या धड्यातले अर्धे वाक्य

किन्हवली परिसरात पावसाळा सुरू झाला की लाइट जाण्याचे कोणाला नवल वाटत नाही. तिथल्या एका शाळेत संगणकाचा तास चालू असताना आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. सरांनी फळ्यावर लिहिले, 'रॅम ही तात्पुरती स्मृती आहे. वीज गेली की तिच्यातली माहिती जाते.' एका मुलीने विचारले, "सर, आणि वीज असली की माहिती नक्की राहते का?" सर म्हणाले, "राहते." तेवढ्यात घंटा झाली.

उत्तर चुकले, पण दोष एकट्या सरांचा नाही. संगणकाचे बहुतेक धडे याच वाक्यावर थांबतात. वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. आणि उरलेल्या अर्ध्या भागातच खरे विज्ञान आहे.

आज सर्रास वापरली जाणारी रॅम डीरॅम या जातीची असते. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभाराचे एक चिमुकले मडके. मडके भरलेले असेल तर १, रिकामे असेल तर ०. पण हे मडके पाझरते. भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी साठवून ठेवावे लागते. तिथल्या मुलांना पाझरत्या मडक्याची अडचण समजावून सांगावी लागणार नाही. भरलेले मडके अर्ध्याखाली जाण्याआधी पुन्हा भरले पाहिजे. म्हणून रॅममधली प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा लिहिली जाते. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर हीच मुदत ३२ मिलिसेकंदांवर येते. संगणक काही काम न करता नुसता बसून असला, तरी ही फेरी चुकत नाही. आठवण ठेवणे हेच वीज खाणारे काम आहे, ही गोष्ट धड्यात येत नाही.

सगळ्याच स्मृती अशा नसतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. वीज गेली तरी कड्यांतले चुंबकत्व टिकत असे. मात्र वाचताना माहिती पुसली जाई, म्हणून लगेच पुन्हा लिहावी लागे. तिची क्षमता होती २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. बाइटमध्ये ती किती होते हे मुलांना काढू द्यावे. नंतर स्वस्ताई आणि लहान आकार यांच्यासाठी जगाने पाझरती मडकी पत्करली.

दुसरी वगळलेली गोष्ट अशी की वीज असतानाही बिट उलटतो. अंतराळातून येणारे विश्वकिरण हवेत शिरले की कणांचा वर्षाव होतो. त्यातल्या इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकणांच्या वर्षावाचे गणित होमी भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ साली मांडले. स्मृतीला उपद्रव होतो तो मुख्यतः अशा वर्षावांतल्या न्यूट्रॉनांचा. बेल्जियममधील स्कारबेक येथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला नेमकी ४०९६ मते जास्त पडली. ही संख्या म्हणजे २ चा १२ वा घात. अर्थात एकच बिट उलटल्याची खूण. कारण सिद्ध झाले नाही, पण विश्वकिरणांवर संशय घेतला गेला.

मग राखण कशी करायची? प्रत्येक बिटाच्या दोन-तीन प्रती ठेवणे हा भाबडा उपाय झाला. त्यात जागाही दुप्पट-तिप्पट आणि वीजही. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेली रीत शहाणपणाची आहे. वर्गात ती अशी दाखवता येईल. १६ मुले चार-चारच्या ओळींत, काही उभी, काही बसलेली. प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेच्या टोकाला एक राखणदार. रांगेतल्या उभ्या मुलांची संख्या, त्याला धरून, सम होईल असा तो उभा राहतो किंवा बसतो. आता बाहेर गेलेल्या मुलाच्या नकळत एकाने जागा न सोडता उठबस करावी. जी आडवी आणि जी उभी रांग विषम झाली, त्यांच्या छेदावर चोर सापडतो! दोघांनी उठबस केली तर गडबड कळते, पण चोर नक्की सांगता येत नाही.

इथे १६ मुलांना ८ राखणदार लागले. हॅमिंगच्या रीतीने ६४ बिटांना ८ पुरतात. त्यात एक चूक दुरुस्त होते आणि दोन असल्या तर कळतात. गट मोठा केला की दरडोई राखण स्वस्त होते. तरीही आठ चिपांच्या जोडीला नववी चिप येते आणि तिची वीज लागतेच.

म्हणजे राखण वाढवली की वीज वाढणारच, असे वाटते. आमचा मुख्य आक्षेप या समजुतीला आहे. ६४ मिलिसेकंदांची मुदत ठरली आहे ती सर्वांत गळक्या मडक्यांकडे पाहून. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली मांडलेल्या हिशेबानुसार ३२ गिगाबाइटच्या स्मृतीत २५६ मिलिसेकंदही न टिकणारी मडकी हजाराच्या आसपासच असतात. त्यांच्यापायी अब्जावधी धड मडकी उगाच भरली जातात. गळक्या ओळी हेरून तेवढ्याच वारंवार भरल्या, तर सुमारे तीन चतुर्थांश फेऱ्या वाचतात, असे त्यांनी दाखवले. दुसरा मार्ग म्हणजे फेऱ्याच कमी करायच्या आणि एखादे मडके रिते झालेच तर राखणदाराने चूक दुरुस्त करायची. असा राखणदार आपला पगार स्वतःच कमावतो.

पण या युक्त्यांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. काही मडक्यांचे पाझरणे काळानुसार बदलते. आज धड ठरलेले उद्या गळके निघू शकते, तेव्हा एकदा केलेली यादी कायम भरवशाची नसते. शिवाय राखणदाराची एक दुरुस्ती गळक्या मडक्यावर खर्च झाली, आणि नेमका त्याच गटावर विश्वकिरणाने घाव घातला, तर दुसरी चूक कळेल पण सुधारणार नाही. वीज वाचवताना सुरक्षिततेची शिल्लक किती खाल्ली, हा हिशेब प्रत्येक वेळी मांडायलाच हवा.

हे सगळे दहावीच्या मुलांना झेपेल का, असे विचारले जाईल. सम-विषम त्यांना येते, घात येतात आणि मडके त्यांच्या घरात आहे. इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली की संगणक बंद करण्याची घाई ज्या शाळेत होते, तिथे तर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. फळ्यावरचे वाक्य पुसायची गरज नाही. त्याखाली एवढेच लिहावे : 'वीज असली तरी माहिती आपोआप राहत नाही, ती राखावी लागते, आणि राखणीलाही वीज लागते.' मग त्या मुलीला पुन्हा प्रश्न विचारू द्यावा.